कंट्रोलची म्हस

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी आम्हा शिक्षकांना एकत्र बसवून सांगितलं, की जूनपासून आठवीचा वर्ग सेमी होणार. म्हणजे बाकीचे विषय मराठीतच, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. पालकांचा रेटाच तसा होता. कळंब्याच्या बाजूला नव्या कॉलन्या उठल्या, तशा इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या आमच्या फाटकासमोरून जायला लागल्या, आणि आमचा पट दरवर्षी थोडाथोडा उतरत चालला होता.

"विज्ञान तुमच्याकडंच राहील, मॅडम," सर म्हणाले. "तुम्ही बीएस्सी. तुम्हाला काय अवघड?"

मी मान हलवली. बीएस्सी होते, हे खरं होतं. पण आमच्या वेळचं बीएस्सी म्हणजे प्राध्यापक फळ्यावर इंग्रजीत लिहायचे आणि तोंडानं मराठीत समजावून सांगायचे. आम्ही फळ्यावरचं उतरवून घ्यायचं, घोकायचं आणि परीक्षेत तसंच्या तसं लिहायचं. सगळा वर्ग असाच शिकला आणि चांगल्या गुणांनी पास झाला. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं मी मराठी माध्यमात विज्ञान शिकवलं. चांगलं शिकवलं, असं माझी पोरं सांगतात. इंग्रजीची गरज कधी पडली नाही.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एका रिकाम्या वर्गात जाऊन दार लावून घेतलं आणि बाकांसमोर उभी राहून इंग्रजीत शिकवून बघितलं. टेस्ट ट्यूब घ्या, त्यात पाणी ओता, खालून उष्णता द्या, इथपर्यंत गाडी बरी चालली. ॲसिड, बेस, फोटोसिंथेसिस, फ्रिक्शन हे शब्द तर तोंडात बसलेलेच होते. पण पोरांना मी रोज जे बोलते ते तेवढंच नसतं. 'असं धरून चालू', 'यावरून काय दिसतं?', 'पुरावा काय?', 'हे कारण असेल, पण दुसरंही असू शकेल', 'त्याउलट बघा'. माझा निम्मा तास अशा वाक्यांवर चालतो. त्यातलं एकही वाक्य मला इंग्रजीत नीट म्हणता येईना. शास्त्राचे शब्द मला येत होते, शास्त्र बोलणाऱ्या माणसाचे शब्द येत नव्हते. हे कळलं तेव्हा मी बराच वेळ तिथंच बाकावर बसून राहिले. शेवटी शिपाई मावशी कुलूप घेऊन आल्या, तेव्हा उठले.

माझं माहेर शिवाजी पेठेत. तिथल्या वाचनालयात वडिलांनी मला शाळेत असतानाच सभासद केलं होतं, आणि लग्न होऊन कळंब्याच्या पुढं शेतकऱ्याच्या घरात आले तरी ते कार्ड मी चालू ठेवलं होतं. रविवारी आईला भेटायला गेले तेव्हा वाचनालयात शिरले आणि ग्रंथपालांना म्हटलं, "विज्ञानात विचार कसा करतात, पुरावा कसा तपासतात, असं काही सोप्या इंग्रजीत असेल तर द्या."

ते आत गेले, शिडीवर चढले आणि एक पातळसं पुस्तक धूळ झटकत घेऊन आले. परदेशातल्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी लिहिलेलं होतं. पहिलं प्रकरण वैज्ञानिक पद्धतीवर.

"कुणी नेलेलं दिसत न्हाय कधी," ते म्हणाले. "ठेवा निवांत. मागणार कोण हाय?"

ते पहिलं प्रकरण वाचायला मला डिसेंबर उजाडला. पानं थोडीच होती, पण प्रत्येक ओळीत ठेच लागायची. ठेचही अशी, की शब्द ओळखीचाच असायचा. एका ठिकाणी लेखक 'आर्ग्यू' करतो असं होतं. मला वाटलं, भांडतोय. कुणाशी भांडतोय म्हणून मी मागची दोन पानं पुन्हा चाळली. मग कळलं की तो नुसता आपलं म्हणणं कारणं देऊन मांडतोय. पुढं 'अकाउंट फॉर' आलं. माझ्या डोळ्यांसमोर बँकेचं खातं उभं राहिलं, आणि अर्थ निघाला 'याचं कारण सांगणं'. फोनमध्ये शब्द घातला की फोन भलतंच काहीतरी मराठी करून द्यायचा. सगळ्यात जास्त छळलं ते 'कंट्रोल' या शब्दानं. कंट्रोल म्हणजे ताबा, एवढं कुणालाही माहीत असतं. पण पुस्तकात लिहिलं होतं, की कंट्रोलला औषध दिलं नाही. ताब्याला औषध कसं देणार?

मी हे सगळं वाचायची ती पहाटे, गोठ्याच्या कट्ट्यावर. तेवढाच वेळ माझा होता. सासूबाई म्हशीची धार काढत असायच्या, मी त्यांना बादल्या विसळून द्यायची, वैरण पुढ्यात टाकायची आणि मधल्या वेळात बल्बखाली पुस्तक उघडायची. सासूबाईंना मी आत्ती म्हणते. आमच्या भागात तसंच म्हणतात. आत्ती चौथी शिकलेल्या. आवाज असा, की गोठ्यातून हाक मारली तर पलीकडच्या उसातला माणूस ओ देतो.

"काय पुटपुटतीस मघाधरनं?" एक दिवस त्यांनी विचारलं.

"शब्द आत्ती. इंग्लिशचे. जूनपासनं पोरांना इंग्लिशमधनं शिकवायचं हाय."

"तुला येतंय की."

"येतंय, पण असलं येत न्हाय. बघा, हितं लिहिलंय, 'द रिझल्ट्स सजेस्ट'. म्हणजे प्रयोगाचा निकाल सुचवतो, की असं असावं."

"असावं म्हणजे? हाय का न्हाय?"

"ते नक्की सांगत न्हाईत. तसं दिसतंय, एवढंच म्हणतात."

आत्तींनी धार थांबवून माझ्याकडं बघितलं. "एवढं शिकून नक्की सांगता येत न्हाय व्हय त्यास्नी?"

त्या हसल्या, आणि मीही हसले. पण दिवसभर ते माझ्या डोक्यात राहिलं. आम्ही कोल्हापूरची माणसं. आमच्या बोलण्यात 'व्हय की' असतं, नाहीतर 'न्हाय' असतं. 'असावं', 'दिसतंय', 'शक्यता आहे' हे शब्द आम्ही पाहुण्यांसमोरसुद्धा फारसे काढत नाही. आणि ते पुस्तक तर अशा शब्दांवरच उभं होतं. 'मे', 'अपिअर टू', 'टेंड टू', 'लाइकली'. मी आधी ते शब्द ओलांडून पुढं जात होते. वाक्याचा अर्थ लागला म्हणजे झालं, असं मला वाटायचं. आता मागं जाऊन बघितलं, तर वाक्याचं सगळं वजन त्या बारक्या शब्दांवर होतं. माणूस किती खात्रीनं बोलतोय, ते तिथं कळत होतं.

जानेवारीत उसाच्या तोडी जोरात चालू होत्या. त्या दिवसांत आमच्याकडं जनावरांना वाडं पडतं. वाडं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. एका संध्याकाळी दूध संस्थेत दूध घालून आल्यावर आत्तींनी पावती माझ्यापुढं टाकली. दुधाचा भाव तिथं फॅटवर ठरतो.

"बघ. फॅट परत उतरली. मी कवाधरनं सांगतीया, वाड्यानं फॅट मारतंय."

माझे मिस्टर ओसरीवर बूट काढत होते. ते शिरोलीच्या एका फौंड्रीत, ओतकामाच्या कारखान्यात, आहेत. ते म्हणाले, "वाड्याचं काय न्हाय. पेंडीचं नवीन पोतं आणलंय न्हवं, त्याचं हाय ते."

दोघांची जुंपली. मी चहा टाकत होते, आणि चहा टाकता टाकता मला एकदम ते पान आठवलं. कंट्रोलला औषध दिलं नाही. मी गॅस बारीक करून बाहेर आले.

"आत्ती, करून बघूया की."

"काय करून बघायचं?"

"आपल्या दोन म्हशी हायत. दोघी दिवाळीच्या आगंमागंच व्यालेल्या. मोठीला वाडं घालूया. धाकटीला वाडं न्हाय, कडबा. बाकीचं सगळं दोघींना सारखं. पेंड तीच, पाणी तेच, धारेची वेळ तीच. आणि दोघींच्या दुधाची फॅट वेगळी काढायची."

"आणि धार?"

"दोघींची तुम्हीच काढायची."

"तू काढलीस म्हणून काय बिघडलं?"

"मग धार काढणारं माणूस बदललं. फरक पडला तर वाड्यानं पडला का माणसानं, कसं कळणार? जे बदलतंय त्याला व्हेरिएबल म्हणतात. एका वेळी एकच बदलायचं."

"म्हंजे मी व्हेरिएबल?"

"तुम्ही बदलला तर."

"मी कशाला बदलतीया आता या वयात," आत्ती म्हणाल्या. मिस्टर मोठ्यानं हसले. पण आत्तींना गोष्ट पटली होती. त्यांचं म्हणणं खरं ठरणार याची त्यांना खात्रीच होती. मी त्यांना सांगितलं, की तुमचं जे म्हणणं आहे त्याला हायपोथिसिस म्हणतात. आधी म्हणणं मांडायचं, मग तपासायचं. आणि धाकटी, जिला आपण वाडं न घालता नुसता कडबा घालणार, ती कंट्रोल. तिच्याशी मोठीची तुलना करायची. हे बोलताना मला स्वतःलाच तो शब्द लख्ख दिसला. इतके दिवस मी त्याचं मराठी शोधत होते. ते मराठी माझ्या गोठ्यात दावणीला उभं होतं.

खरी अडचण दूध संस्थेत आली. संस्थेत सगळ्या घरचं दूध एकाच कॅनमधून जातं आणि एका खात्याला एकच पावती निघते. आत्ती दोन कॅन घेऊन उभ्या राहिल्या, तशी मशीनवरच्या माणसानं मान वर केली.

"मावशी, दोन कशाला?"

"दोन्हींची फॅट काढ."

"एका खात्याला एकदाच काढतोय आम्ही. रांग बघा मागं किती हाय."

"पावती एकच दे. मला निस्तं आकडं सांग. तुझ्या मशीनला काय दूध चावतंय काय?"

रांगेतली माणसं हसायला लागली. तो म्हणाला, "पण कशापायी?"

आत्तींनी माझ्याकडं बोट केलं. "सून मास्तरीण हाय. प्रयोग करतीया. मोठीला वाडं घातलंय आणि ही धाकटी कंट्रोलची हाय."

'कंट्रोलची म्हस' हे नाव त्या संध्याकाळी पडलं ते पडलंच. संस्थेत लोक मुद्दाम विचारायला लागले, "मावशी, कंट्रोलची म्हस काय म्हणतीया?" आणि आत्ती न चिडता उत्तर द्यायच्या. मशीनवरचा माणूसही रोज दोन आकडे सांगायला लागला. त्यालाही पुढं काय होतं त्याची उत्सुकता लागली होती.

मध्येच एक घोटाळा झाला. एका सकाळी मी अंघोळीला गेले होते आणि गोठ्यातून आत्तींचा आवाज आला.

"कंट्रोलच्या म्हशीला वाडं कुणी टाकलं?"

मी ओल्या केसांनीच बाहेर धावले. मिस्टर अंगणात उभे होते, तोंड पाडून. पहिल्या पाळीला निघताना ते गोठ्यात डोकावले होते, आणि धाकटी शेजारच्या वाड्याकडं मान लांबवून बघत होती.

"ती बघत होती गं नुसती," ते मला म्हणाले. "एवढी पेंढीभरच टाकली."

"पेंढीभर न्हाय आणि मूठभर न्हाय," आत्ती म्हणाल्या. "समदं पहिल्यापासनं कराय लागंल आता. व्हय गं?"

"व्हय आत्ती."

"बघ रं. माझ्या मेहनतीवर पाणी फिरवलास."

आम्ही खरंच पहिल्यापासून सुरू केलं. काही दिवस झाल्यावर दोघींची वैरण उलटीपालटी केली. मोठीला कडबा, धाकटीला वाडं. कारण मुळात दोन म्हशी सारख्या नसतात, हे आत्तींनीच काढलं. मोठीचं दूध पहिल्यापासूनच दाट, मग नुसती एकीची दुसरीशी तुलना करून कसं चालेल, असं त्यांनी मला विचारलं, आणि मी पुस्तक उघडून बघितलं तर दोन पानांपुढं नेमका हाच प्रश्न चर्चेला घेतलेला होता. तो परिच्छेद मी एका दमात, फोनला हात न लावता वाचला. असं माझं पहिल्यांदाच झालं. 'कम्पेअर', 'इनिशिअल', 'डिफरन्स', 'देअरफोर'. मी पुस्तक तसंच उघडं धरून आत्तींपुढं नेलं. आत्तींना म्हटलं, "तुम्ही जे म्हणाला ते हितं छापलंय."

"छापणारच की," आत्ती म्हणाल्या. "कळणाऱ्या माणसानं लिहिलंय न्हवं?"

निकाल मात्र कुणाच्याच बाजूनं लागला नाही. फॅट वर गेली, खाली आली. वाडं खाणारीची गेली तशी कडबा खाणारीचीही गेली. अदलाबदल केल्यावरही तेच. पेंडीचं पोतंही तेच चालू होतं, त्यामुळं मिस्टरांच्या म्हणण्याबद्दल तर आम्हाला काहीच बोलता येत नव्हतं, ते आम्ही तपासलंच नव्हतं. मी आत्तींना समजावलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील मशीनच बिघडलंय. त्यांनी दोघींचे आकडे मला परत एकदा वाचायला लावले. मग म्हणाल्या, "म्हंजे मी चुकले व्हय?"

"चुकला असं न्हाय. आपल्याला पुरावा मिळाला न्हाय, एवढंच. दोनच म्हशी, थोडंच दिवस. पुस्तकात म्हणतात, हायपोथिसिसला आधार मिळाला नाही."

"मग पुढच्या सालाला परत बघाय लागंल."

"बघूया की."

दोन-तीन दिवसांनी मी त्यांच्या मागोमाग संस्थेत गेले होते. शेजारच्या एक काकू रांगेत तणतणत होत्या, की वाड्यानं फॅट मारली, यंदा वाडं बंदच करणार. आत्ती त्यांच्याकडं वळल्या. मला वाटलं, आता ठणकावून काहीतरी सांगतील.

"तसं म्हणाय येत न्हाय अजून," आत्ती म्हणाल्या. "आमच्या दोन म्हशींत तरी दिसलं न्हाय. तुझ्या म्हशीचं मला ठावं न्हाय. बघाय लागंल."

मी मागं रिकामी किटली धरून उभी होते.  जो बोलायचा ढंग मी तीन महिने इंग्रजीत शिकत होते, तो आत्तींनी कोल्हापुरीत असा सहज काढला होता. आणि त्यांच्या खणखणीत आवाजात ते 'न्हाय अजून' अजिबात कच्चं वाटत नव्हतं. त्या दिवशी घरी येताना मी त्यांच्या बरोबरीनं चालत आले, आणि रस्त्यात भेटेल त्याला ही माझी सासू म्हणून सांगावं असं वाटत होतं. सांगायची काही गरज नव्हती. सगळे त्यांना ओळखतच होते.

जून आला. आठवीचा पहिला तास मी इंग्रजीत सुरू केला आणि वर्ग चिडीचूप झाला. एरवी ज्या पोरांना गप्प करता करता घसा बसतो, ती पोरं माझ्या तोंडाकडं बघत बसली. पहिला आठवडा असाच गेला. मी विचारायचे, कळलं का, आणि सगळी एका सुरात 'येस मॅडम' म्हणायची. ते 'येस' मला ओळखू येत होतं. कॉलेजात आम्हीही तसंच म्हणायचो.

दुसऱ्या आठवड्यात मी पुस्तक मिटलं आणि सोप्या इंग्रजीत त्यांना आमच्या गोठ्याची गोष्ट सांगितली. बफेलो म्हटल्यावर कुणीतरी खुदकन हसलं. मग मिस्टरांनी कंट्रोलच्या म्हशीला वाडं टाकलं तिथं आले, तेव्हा सगळा वर्ग हसला. म्हणजे कळत होतं. माझ्या वर्गातल्या बहुतेक पोरांच्या घरी म्हस आहे, नाहीतर मामाच्या घरी तरी आहेच. फळ्यावर मी हायपोथिसिस, व्हेरिएबल, कंट्रोल, एव्हिडन्स, कन्क्लूड असे शब्द लिहिले आणि प्रत्येकासमोर मराठी अर्थ लिहिण्याऐवजी विचारलं, आपल्या गोष्टीत हे कुठं आहे? हात वर व्हायला लागले.

खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आम्ही करू का एखादा?" तिची आई घरी मटकी भिजवून मोड आणून विकते. मुलीचं म्हणणं होतं, की अंधारात ठेवलेल्या मटकीला उजेडातल्यापेक्षा लवकर मोड येतात. मी म्हटलं, कर. पण इंग्रजीत सांगायचं. तिनं एकाच मटकीचे दोन भाग केले, सारख्याच फडक्यात बांधले, एक डब्यात झाकून ठेवला आणि एक खिडकीत. वर्गासमोर दोन्ही पुरचुंड्या सोडल्या, तर मोड जवळजवळ सारखेच.

"नापास झाली!" मागून कुणीतरी ओरडलं.

ती त्याच्याकडं वळली आणि मराठीतच म्हणाली, "नापास कशाला? माझा हायपोथिसिस सपोर्ट झाला न्हाय. तू तर काहीच केलेलं न्हाईस." मग माझ्याकडं बघून तेच इंग्रजीत म्हटलं. थांबत, एकेक शब्द ठेवत, पण वाक्य सगळं तिचं होतं. कुठल्याही गाईडमधलं नव्हतं.

सप्टेंबरात तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांची बैठक आमच्या शाळेत ठरली. सेमी शिकवायची अडचण सगळ्यांचीच होती. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, एक पाठ तुम्ही घेऊन दाखवा. आठवीचाच."

मी नाही म्हटलं नाही. आदल्या दिवशी 'फिनॉमिनन' हा शब्द गोठ्यात इतक्या वेळा म्हटला, की आत्ती म्हणाल्या, म्हशीलाबी पाठ झाला असंल आता. तरी पाठात त्याच शब्दावर माझी जीभ अडखळली. मी थांबले, परत म्हटला आणि पुढं गेले. हॉलमध्ये पुढं माझी पोरं बसली होती आणि मागं खुर्च्यांवर शिक्षक. निम्मे माझ्यासारखेच, मराठीत वर्षानुवर्षं शिकवलेले. मी त्या मुलीचा मटकीचाच प्रयोग चर्चेला घेतला. पोरं बोलत होती. चुकत होती, पण बोलत होती.

शेवटी मागून एका वयस्कर सरांनी उठून इंग्रजीत प्रश्न विचारला. मोड सारखेच आले, तर मग त्या मुलीचं म्हणणं चूक आहे असं सरळ का सांगत नाही? आवाजात थोडी परीक्षा होती. उत्तर मी देणार होते, पण ती मुलगी आधीच उभी राहिली होती.

"सर, वुई कॅनॉट से इट इज राँग," ती म्हणाली. "वुई डिड इट ओन्ली वन टाइम. वुई कॅन से, अवर एव्हिडन्स डझ नॉट सपोर्ट इट."

 ते सर खुर्च्यांमधून पुढं आले. मग मराठीत म्हणाले, "बाळ, हे मला तीस वर्षांत कुणी असं सांगितलं नव्हतं," आणि टाळ्या वाजवायला त्यांनीच सुरुवात केली. मी फळ्याकडं तोंड केलं आणि पुसायला काहीच नव्हतं तरी डस्टर फिरवत राहिले. डोळे भरून आले होते आणि पोरांसमोर ते दाखवायचं नव्हतं.

घरी आले तेव्हा आत्ती शेंगा फोडत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं. "समदं इंग्लिशमधनं बोललीस?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"आणि पोरगीबी?"

"तीबी."

त्यांनी मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले, आणि मग जरा वेळानं उठून शेजारच्या काकूंना हाक मारली. सगळी गोष्ट मी सांगितली होती त्याच्या दुप्पट मोठी करून सांगितली. मी आतून ऐकत होते. त्यांच्या गोष्टीत हॉलमध्ये हजार माणसं होती.

आता शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आसपासच्या शाळांतले काही शिक्षक आमच्याकडं येतात. आम्ही टेबलाभोवती बसून एक पान मोठ्यानं वाचतो आणि अडेल तिथं थांबतो. मी त्यांची गुरू वगैरे नाही. मी फक्त त्यांच्यापेक्षा थोडी आधी अडखळून उठलेली आहे. पुस्तक वाचनालयाला परत केलं आणि ग्रंथपालांनी त्याच विषयावरची आणखी दोन पुस्तकं काढून ठेवली. म्हणाले, तुमच्यामुळं ह्या कपाटाची धूळ निघाली.

गेल्या महिन्यातली गोष्ट. मिस्टरांची सुट्टी होती. मी चहा घेत होते आणि ते समोर येऊन बसले. हातात घडी केलेले दोन कागद. त्यांच्या फौंड्रीतल्या एका कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, बारीक भोकं पडत होती, आणि ज्या कंपनीला माल जातो तिनं इंग्रजीत अहवाल पाठवला होता. एरवी असले कागद ते कारखान्यातल्या एखाद्या तरुण इंजिनिअरकडं नेतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला त्यांनी कधी इंग्रजी विचारलं नव्हतं.

"हे जरा बघ की," ते म्हणाले. "आमच्या लाईनवर दोष टाकलाय म्हणत्यात."

मी कागद उलगडला. 'प्रिलिमिनरी', 'मे बी अट्रिब्यूटेड टू', 'फर्दर इन्व्हेस्टिगेशन'. मी सावकाश, एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. फोन ओट्यावर होता, तो आणायला मी उठले नाही.

"दोष टाकलेला न्हाय," मी म्हटलं. "ही पहिली पाहणी हाय, असं त्यांनीच लिहिलंय. साच्याच्या वाळूतल्या ओलाव्यामुळं होत असावं असा अंदाज हाय. पण भट्टीचं तापमानबी तपासायचं राहिलंय, ते तपासल्याशिवाय काही ठरवू नका, असं खाली स्पष्ट हाय. हे बघा, ही ओळ."

ते माझ्या बोटाखालची ओळ बघत राहिले. एकेक शब्द ओठांनी वाचला.

"म्हंजे अजून ठरलेलं न्हाय."

"न्हाय."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग दुसरा कागद माझ्यापुढं सरकवला आणि स्वतः उठून माझा गार झालेला चहा गरम करायला घेऊन गेले.